मांजर आडवं गेलं? हात दाखवा!

आपल्या वस्तीत कुत्र्याची भीती सगळ्यांना असते, मांजराची कोणालाच नसते. कुत्रा चावला की आरडाओरडा होतो, शेजारी धावतात, कोणीतरी रिक्षा थांबवतं. मांजराने बोचकारलं तर आई भांडी घासता घासता म्हणते, "जा, पाणी लाव त्याला." आणि बहुतेक वेळा पोर तेवढंही सांगत नाही. पायाला ओरखडे असतात, ती पँट खाली ओढते आणि खेळायला जाते.

या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही एका खेळाची माहिती देत आहोत. विहारातल्या मुलांसोबत बसून आम्ही तो तयार केला. त्यातले अर्धे नियम मुलांनी केले आणि उरलेले, खरं सांगायचं तर, विहाराच्या पायरीवर राहणाऱ्या मांजरानेच केले. खेळाचं नाव आहे 'मांजर आडवं'. खेळाला पैसा लागत नाही. तो शिकायला दहा मिनिटं पुरतात आणि त्यातून मुलाचा जीव वाचू शकतो.

मांजराचं एवढं काय?

रेबीज हा रोग बहुतेक वेळा कुत्र्यामुळे होतो, हे खरं आहे. पण तो मांजरालाही होतो. पिसाळलेला कुत्रा मांजराला चावला की त्या मांजराच्या लाळेत रेबीजचा विषाणू येतो. मांजर आपले पंजे सतत चाटत असतं, म्हणून त्याच्या ओरखड्यालाही आपण साधा ओरखडा समजू नये. विषाणू जखमेतून शिरतो आणि नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातो. या प्रवासाला साधारण दोन-तीन महिने लागतात. कधी आठवड्यातच पोचतो, कधी वर्षही लागतं. मेंदूत पोचून लक्षणं सुरू झाली, पाण्याची भीती वाटू लागली, की पुढे औषध नाही. रोगी जवळजवळ नक्की दगावतो.

आमच्यातल्या ज्या वॉर्डात नर्स म्हणून काम करून वस्तीत आल्या, त्यांनी असे रुग्ण पाहिले आहेत. पाण्याचा पेला समोर आला की घसा आवळतो. वाऱ्याची झुळूक लागली तरी अंग झटके देतं. आणि रुग्ण शुद्धीवर असतो, आईला ओळखत असतो. ते पाहिलेली नर्स कुठलाही ओरखडा 'साधा' म्हणत नाही.

जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू एकट्या भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संशयित जनावर चावलेल्या दर दहा माणसांत चार जण पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असंही तिचं सांगणं आहे. म्हणजे ही आपल्या गल्लीतल्या खेळणाऱ्या पोरांची गोष्ट आहे.

आणि दुसऱ्या बाजूला, हा रोग पूर्णपणे टाळता येतो. जखम लगेच धुतली, वेळेवर लस घेतली, लस पूर्ण केली, की मूल वाचतं. मधे अडचण येते ती एकाच गोष्टीची. मूल सांगत नाही.

मूल का सांगत नाही?

आम्ही मुलांनाच विचारलं. त्यांची उत्तरं अशी होती. "आई मारेल." "पप्पा मांजराला गोणीत घालून लांब सोडून येतील." "पोटात चौदा सुया देतात." आणि तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "आईचा खाडा होतो."

या शेवटच्या उत्तरापाशी आम्ही थांबलो. धुण्याभांड्याचं काम करणाऱ्या आईचा एक दिवस गेला की पगारातून पैसे कापले जातात. बिगारी कामावर तर त्या दिवसाची मजुरीच नाही. सरकारी दवाखान्यात सुई फुकट आहे, पण रांगेतला दिवस फुकट नाही. आठ वर्षांच्या पोरालाही हा हिशोब कळतो आणि ते पोर आपला ओरखडा झाकून घेतं.

चौदा सुयांची भीती मात्र आता काढून टाका. पूर्वी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती. ती पोटात चौदा वेळा टोचत आणि त्रासही होई. 2004 च्या अखेरीस ती लस भारतात बंद झाली. त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण भीती अजून वस्तीत फिरते आहे. आजची लस दंडात देतात. कातडीत द्यायची असेल तर चार दिवस जावं लागतं: पहिला दिवस, म्हणजे 0, मग 3, 7 आणि 28. स्नायूत द्यायची असेल तर त्यात 14 वा दिवस धरून पाच वेळा. पोटात काही टोचत नाहीत.

हे आकडे भाषणात सांगितले की लोक मान डोलावतात आणि दारापर्यंत जाता जाता विसरतात. खेळात मात्र पोरं आकडा विसरत नाहीत, कारण तिथे हार-जीत असते.

खेळ कसा तयार झाला?

वर्षावासात आपल्या विहारांत रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचं वाचन होतं. आया वाचनाला बसतात, मुलं बाजूच्या पडवीत असतात. त्यांना गप्प बसवायचं म्हणून आम्ही फरशीवर खडूने 0 ते 28 घरांचा पट आखला. बाटल्यांची झाकणं सोंगट्या झाली. आरोग्याची सापशिडी म्हणा ना.

पहिल्याच संध्याकाळी मनी आली. मनी म्हणजे विहाराच्या पायरीवर राहणारी ठिपक्यांची मांजर. झाकण सरकलं की तिचे कान उभे राहत. झाकण घरंगळलं की ती झेप घेई. मांजराची नजर हलणाऱ्या बारीक वस्तूवर बसते. उंदीर पकडायची ती उपजत तयारी असते आणि संध्याकाळी ती जास्तच जागी होते. तिने दोन सोंगट्या पंज्याने उडवल्या, एक नालीत घालवली आणि मग 12 आणि 13 या घरांवर ऐसपैस बसून अंग चाटू लागली.

पोरांनी गोंधळ घातला. एकजण तिला ढकलायला गेला, दुसरा शेपूट ओढू लागला, तिसरा "टॅम्प्लीज, टॅम्प्लीज" ओरडत राहिला. नेमकं असंच बोचकारलं जातं. मग आम्ही मुलांना म्हणालो, मांजर येणारच. कधी येईल ते सांगता येत नाही. मग ती आल्यावर काय करायचं, याचाच नियम करू या.

रोगाचंही असंच असतं. कुत्रा कधी चावेल, मांजर कधी पंजा मारेल, याची तारीख कोणाला माहीत नसते. तयारी करून बसलेल्या मुलाला आपण दहा वेळा शिकवू शकतो. पण खेळाच्या रंगात असताना, जिंकायला दोन घरं उरली असताना अचानक अडथळा आला, तर काय करायचं? ही सवय त्याच क्षणी लावावी लागते. ते काम मनी दर संध्याकाळी आमच्यासाठी फुकट करत होती.

खेळाचं नावही त्यातूनच आलं. मांजर आडवं गेलं की काम होत नाही, मागे फिरावं, असं अजूनही काही घरांत म्हणतात. मांजर त्याच्या कामाला निघालेलं असतं, आपण आपल्या. त्याच्या जाण्यायेण्याने आपलं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याने बोचकारल्यावर आपण गप्प बसलो तर.

पट आणि घरं

जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ घ्या किंवा फरशीवर खडूने आखा. 0 ते 28 घरं वळणावळणाने काढा. भिडू दोन ते सहा. प्रत्येकाचं एक झाकण. फाशाऐवजी अर्धे फोडलेले चार चिंचोके. जेवढे पांढरे पडतील तेवढी घरं पुढे. चारही काळे पडले तर एक डाव बसून राहायचं.

सुईची घरं: 0, 3, 7 आणि 28. 0 वरून सगळे निघतात. 3, 7 आणि 28 ही घरं ओलांडता येत नाहीत. दान कितीही मोठं पडलं तरी तिथे थांबायचं, दंड पुढे करायचा, "सुई घेतली" असं म्हणायचं आणि पुढच्या डावाला निघायचं. कोणी घाईत सुई चुकवली आणि दुसऱ्याने पकडलं, तर मागच्या सुईच्या घरात परत.

5 वं घर, 'मिरची-चुना': जखमेवर मिरची पूड, चुना, तेल, हळद भरली. दोन घरं मागे.

10 वं घर, 'साबण': जखम साबणाने धुतली. दोन घरं पुढे.

14 वं घर, 'विचारा': इथे थांबून मोठ्याने विचारायचं, "सिस्टर, माझी लस कातडीतली की स्नायूतली? आज सुई आहे का?" विचारलं नाही तर पुढचं दान मिळत नाही. दवाखान्यात प्रश्न विचारायची आपल्या लोकांना सवय नाही. ती लहानपणीच लागावी.

18 वं घर, 'गंडादोरा': भगताकडे गेला आणि दिवस घालवला. तीन घरं मागे.

21 वं घर, 'खाडा': इथे अडकलेला भिडू स्वतःच्या दानाने सुटू शकत नाही. दुसऱ्या भिडूने स्वतःचं एक दान सोडून "चल, मी येते सोबत" म्हणायचं. मगच तो सुटतो.

25 वं घर, 'आता बरं वाटतंय': जखम भरली, आता कशाला जायचं, म्हणून शेवटची सुई टाळली. थेट 7 वर परत. सातव्या दिवसानंतर अठ्ठाविसाव्यापर्यंत तीन आठवडे जातात. जखम दिसत नाही, दुखत नाही आणि शेवटची सुई राहून जाते. पोरांना या घराची सगळ्यात जास्त धास्ती असते. ती तशीच असावी.

पहिला जो 28 वर पोचेल तो जिंकला, असं नाही. तो आपली पुढची दानं मागे राहिलेल्याला देतो. शेवटचा भिडू 28 वर आला की डाव संपतो. सुरुवातीला पोरं कुरकुरली. मग मागच्याला ओढून आणण्यात त्यांना जास्त मजा येऊ लागली.

मांजराचे चार नियम

एक: मांजर पटावर किंवा पटाजवळ आलं की ज्याला आधी दिसेल त्याने हळू आवाजात "मांजर आडवं" म्हणायचं. सगळ्यांनी हात मांडीवर घेऊन पुतळा व्हायचं. हाकलायचं नाही, उचलायचं नाही, पळायचं नाही. जनावर जवळ आलं की स्थिर उभं राहायचं, ही सवय कुत्र्याच्या वेळीही उपयोगी पडते.

दोन: मांजर आपणहून जाईपर्यंत थांबायचं. त्याने सोंगट्या जिथे नेल्या तिथून पुढचा डाव. पटाबाहेर गेलेली सोंगटी मागच्या सुईच्या घरात. त्यावर भांडण नाही. रडीचा डाव चालणार नाही.

तीन: मांजर गेलं की सगळ्यांनी म्हणायचं, "हात दाखवा!" प्रत्येकाने हात आणि पाय दाखवायचे. शेजारच्याने बघायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. ओरखडा आहे का? रक्त आलं का? खरचटल्या जागेवर चाटलं का?

चार: ज्याला काही लागलं असेल आणि ज्याने ते स्वतः सांगितलं, त्याची सोंगटी दोन घरं पुढे. आजचं असो, कालचं असो, मागच्या महिन्यातलं असो. कुत्रा असो, मांजर असो. सांगणाऱ्याला कोणी रागवायचं नाही. डाव तिथेच थांबवायचा, मोठ्या ताईला बोलवायचं आणि जखम खरोखर धुवायची.

चौथा नियम ऐकून एक वहिनी म्हणाल्या, "ताई, पोरं दोन घरांसाठी खोटं सांगतील की!" सांगतात. डास चावलेली जागा दाखवतात, मागच्या वर्षीचा व्रण दाखवतात. आम्ही बघतो, हसतो आणि दोन घरं देतो. खोटं सांगून कोणाला दोन घरं मिळाली तर आपलं काही जात नाही. खरं लपलं तर जीव जातो.

मांजर रोज वेळेवर येतंच असं नाही. ते आलं नाही तर एका भिडूला गुपचूप मांजर करा. त्याने डावात तीनदा, मनात येईल तेव्हा मोज्यात घातलेला हात पटावर फिरवायचा. आधी सांगायचं नाही. चिठ्ठी काढून मांजर आणायचंही आम्ही करून पाहिलं, पण चिठ्ठी काढताना पोरं सावध होतात. अचानकपणा गेला की खेळाची मजाही जाते आणि धडाही जातो.

एक गोष्ट ताकीद देऊन सांगतो. खेळासाठी मांजराला पकडून आणू नका, खाऊ दाखवून पटावर बोलवू नका. पाच वर्षांखालच्या मुलांजवळ मोठं माणूस बसलेलं असावं. अनोळखी, आजारी दिसणारं, लाळ गळणारं किंवा विनाकारण अंगावर येणारं मांजर दिसलं तर डाव लगेच उचला आणि मुलांना आत घ्या.

खेळताखेळता एक खरी गोष्ट

वर्षावासाच्या तिसऱ्या आठवड्यात मनी येऊन गेली आणि पोरं "हात दाखवा" म्हणून ओरडली. दुसरीतल्या एका मुलीने फ्रॉक वर करून पोटरी दाखवली. तीन लाल रेघा होत्या, वर खपली धरलेली. मनीचं काम नव्हतं. चार दिवसांपूर्वी कचराकुंडीमागे एका पिल्लाला ती उचलायला गेली होती, तेव्हाच्या त्या रेघा होत्या. रक्तही आलं होतं. तिने घरी सांगितलं नव्हतं. इथे दोन घरं मिळतात म्हणून सांगितलं.

आम्ही वाचन संपायची वाट पाहिली नाही. तिच्या आईला हळूच बाहेर बोलावलं. आईचा हात उगारला गेला, तो शेजारच्या आजींनी धरला. जखम चार दिवसांची होती तरी साबण लावून धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिला घेऊन सरकारी रुग्णालयात गेली. रक्त आलेला ओरखडा, म्हणून डॉक्टरांनी लसही दिली आणि जखमेच्या जागी इम्युनोग्लोब्युलिनही दिलं. ते पिल्लू पुन्हा कोणाला दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशीच्या सुईला आईला सुट्टी मिळेना. शेजारच्या मावशी गेल्या. सातव्या दिवशी आमच्यातली एक गेली. अठ्ठाविसाव्या दिवशी आई स्वतः गेली. मुलगी आता शाळेत जाते, धावते, भांडते. ते पिल्लू पिसाळलेलं होतं की नव्हतं, हे कधीच कळणार नाही. ते कळायची वाट बघायची नसते, म्हणून तर लस आहे. 21 व्या घराचा 'खाडा' आणि सोबतीचा नियम मुलांनी त्यानंतर पटावर घातला.

लागलं तर नक्की काय करायचं?

हा भाग कापून भिंतीवर चिकटवा.

धुवा. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं. साबण ते विरघळवतो आणि विषाणू निकामी होतो. नळाला पाणी नसेल तर एकाने तांब्याने बारीक धार धरायची आणि दुसऱ्याने साबण लावायचा. आपल्या वस्तीत पाण्याची पंचाईत आम्हाला माहीत आहे. पण ज्यांच्या बापाने 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी माणसं उभी केली, त्यांच्या लेकरांच्या जखमेला पाणी नाही, असं होता कामा नये. शेजाऱ्याच्या पिंपातून मागा. शेजाऱ्यानेही द्यावं. खेळात पंधरा मिनिटं कोणी थांबत नाही, म्हणून पोरं "एक मिनिट, दोन मिनिटं" असं पंधरापर्यंत मोजतात. आकडा डोक्यात बसतो.

काही भरू नका. मिरची, चुना, हळद, तेल, माती, काही नाही. घट्ट पट्टी बांधू नका. जखमेला घाईने टाके घालायला सांगू नका.

त्याच दिवशी दवाखाना. नुसता स्पर्श झाला किंवा धडधाकट कातडीवर चाटलं, तर धुणं पुरे. उघड्या कातडीला दात लागले किंवा रक्त न येता ओरखडा आला, तर लस. रक्त आलं, दात आत रुतले, जखमेवर किंवा तोंडा-डोळ्यात लाळ गेली, तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. लस शरीराला लढायला शिकवते, पण शिकायला दिवस लागतात. तोपर्यंत जखमेतच पहारा ठेवायचं काम इम्युनोग्लोब्युलिन करतं. ते पहिल्या दिवशीच घ्यावं. राहिलं तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत घेता येतं. धनुर्वाताच्या सुईबद्दलही विचारा.

मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात. वरून ठिपका दिसतो, पण आत खोल जातं आणि तोंड बंद होतं. चावलेली जागा दुसऱ्या दिवशी सुजली, लाल झाली, ठणकू लागली तर पुन्हा दाखवा. तिथे पू होतो आणि वेगळं औषध लागतं.

उशीर झाला म्हणून घरी बसू नका. महिने उलटले असले तरी लस सुरू करता येते. गरोदर बाईला, दूध पाजणाऱ्या आईला, तान्ह्या बाळालाही ही लस देतात. खाण्यापिण्याचं पथ्य नाही.

मांजरावर नजर ठेवा. चावलेलं मांजर किंवा कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला, तर डॉक्टरांना तसं सांगा. पुढच्या सुयांचं ते ठरवतील. पण दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ, असं करू नका. लस आधी.

'लस संपली' असं सांगितलं तर नुसतं परत येऊ नका. कुठे मिळेल ते चिठ्ठीवर लिहून मागा आणि त्याच दिवशी तिथे जा. आशाताईंना कळवा. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत आहे. ती मागणं म्हणजे उपकार मागणं नाही.

आणि मांजराचं काय?

गोणीत घालून लांब सोडणं हा उपाय नाही. 1956 च्या धम्मदीक्षेत बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. शिवाय वस्तीतलं मांजर गेलं की उंदीर वाढतात आणि पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोचा ताप येतो. मांजर ठेवा, पण लस देऊन ठेवा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस द्या आणि नंतर दरवर्षी. मनीची लस आम्ही वर्गणी काढून दिली.

मांजराशी हाताने खेळू नका. दोरीला चिंधी बांधून खेळवा, म्हणजे पंजा चिंधीवर पडतो. शेपूट फटकारायला लागलं, कान मागे चिकटले, पाठीवरची कातडी थरथरली, की त्याला खेळ नको आहे, हे ओळखा. खाताना, झोपेत, पिल्लांजवळ हात लावू नका. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये. त्यातून बाळाला धोका होऊ शकतो. ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावं आणि हात साबणाने धुवावेत.

विहारात खेळ चालतो का?

एका वडीलधाऱ्या उपासकांनी हा प्रश्न विचारला आणि तो रास्त आहे. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला जुगाराचे तोटे सांगितले आहेत. म्हणून या खेळात पैसा नाही, पैज नाही आणि एकाने दुसऱ्याला लुबाडणंही नाही. जो पुढे गेला तो मागच्याला आणतो. हे ऐकल्यावर आजोबा दुसऱ्या दिवशी घरून चिंचोके घेऊन आले.

पालकांना एकच विनंती

खेळातले नियम पोरं पाळतात. घरातला नियम आपल्याला पाळायचा आहे. मूल येऊन म्हणालं, "मांजराने बोचकारलं," तर आपलं पहिलं वाक्य असावं, "बरं झालं सांगितलंस." ओरडणं, कुठे मरायला गेला होतास, मांजराला हाकलतो, हे सगळं नंतरही नको. आज मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी गप्प बसेल, आणि ती पुढची वेळ कोणती असेल हे आपल्याला माहीत नाही.

आणि गल्लीने मिळून एक गोष्ट ठरवावी. ज्या घरात मुलाला सुया चालू असतील, तिथे चार दिवसांची पाळी लावा. एका दिवशी आई, एका दिवशी शेजारीण, एका दिवशी मंडळाचा पोरगा. एका बाईचे चार खाडे चार घरांनी वाटून घेतले, तर कोणाचंच घर बसत नाही आणि शेवटची सुई चुकत नाही. पहिल्या दिवशी मात्र आई किंवा बाप सोबत असावा आणि दवाखान्याचा कागद प्रत्येक वेळी सोबत न्यावा.

28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे. रेबीजवर पहिली लस देणाऱ्या लुई पाश्चर यांचा तो स्मृतिदिन. 6 जुलै 1885 रोजी त्यांनी नऊ वर्षांच्या एका मुलाला ती लस दिली होती आणि तो मुलगा वाचला. हा दिवस बहुतेक वेळा वर्षावासातच येतो. त्या संध्याकाळी आपापल्या विहारात पट आखा, पोरांना बसवा आणि आयाबायांनाही एक डाव खेळायला लावा. 0, 3, 7, 28 हे आकडे पाठ करून घ्या. मांजर आलं तर येऊ द्या.

नमो बुद्धाय. जयभीम.